उपनगरात राहायला जाण्यापूर्वी परिसर पारखताना या चुका टाळा

घर पाहायला जाणारा माणूस भिंतींची ओल, नळाच्या पाण्याचा जोर आणि खिडक्यांतून येणारा उजेड बारकाईने तपासतो. पण ज्या वस्तीत त्याला पुढची कित्येक वर्षे काढायची असतात, तिच्याविषयीचे मत मात्र तो गाडीतून मारलेल्या एका फेरीवर आणि ओळखीच्या दोघाचौघांच्या शब्दावर ठरवून मोकळा होतो. घरातील उणीव पैसे खर्चून दूर करता येते, पण वस्तीतील उणीव एकट्याने दूर होत नाही. म्हणून तिची जाणीव व्यवहार होण्याआधी व्हायला हवी. मोठ्या शहरातून लगतच्या लहान नगरात जाणाऱ्या कुटुंबांकडून या बाबतीत ज्या चुका वारंवार होतात, त्या आणि त्यांवरचे उपाय येथे मांडत आहे.

एकदाच आणि सोयीच्या वेळी पाहणी करणे

मला ही सर्वांत महाग पडणारी चूक वाटते. पाहणी बहुधा सुट्टीच्या दिवशी सकाळी होते. त्या वेळी शाळा बंद असतात, अवजड वाहने कमी असतात आणि कामाला जाणारी माणसे घरी असतात, त्यामुळे कोणतीही वस्ती शांत आणि माणसांनी भरलेली दिसते. उपनगराचे रूप मात्र प्रहराप्रहराला बदलते. सकाळी अर्धे गाव शहराच्या दिशेने निघून जाते, दुपारी रस्ते ओस पडतात आणि रात्री उशिरा परतणाऱ्यांना सामसूम वाटेने घरी यावे लागते. त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी, भर दुपारी, अंधार पडल्यानंतर आणि सुट्टीच्या आदल्या रात्री अशा किमान चार फेऱ्या माराव्यात. त्या पायी माराव्यात, कारण गाडीच्या काचेआडून दिव्यांमधला अंधार, तुटलेला पदपथ आणि मोकाट कुत्र्यांचा कळप यांपैकी काहीच नीट लक्षात येत नाही.

रात्रीच्या फेरीत पथदिव्यांचे खांब मोजण्यापेक्षा त्यांतले किती दिवे लागतात, दोन दिव्यांमध्ये चेहरा ओळखू येईल इतका उजेड आहे का आणि झाडांच्या फांद्यांनी दिवा झाकला आहे का, हे पाहावे. कुटुंबातील जी व्यक्ती रात्री स्थानकावरून किंवा बसथांब्यावरून एकटी चालत येणार आहे, तिनेच ती वाट चालून पाहावी. "तिकडे काही भीती नाही" हे दुसऱ्याचे मत, विशेषतः एखाद्या स्त्रीच्या बाबतीत पुरुषाने दिलेले, त्याची जागा घेऊ शकत नाही.

गुन्ह्यांच्या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढणे

आकडे पाहणे चांगलेच, पण लहान नगराचे आकडे फसवे असतात. चार हजार लोकवस्तीच्या गावात मागील वर्षी दोन घरफोड्या आणि यंदा चार झाल्या, तर कागदावर शंभर टक्के वाढ दिसते. प्रत्यक्षात ते एकाच टोळीचे दोन दिवसांचे काम असू शकते. एका वर्षावर विसंबू नये, किमान पाच वर्षांचे आकडे मांडून पाहावेत. तुलना करताना एकूण गुन्ह्यांऐवजी दर हजार रहिवाशांमागचे प्रमाण घ्यावे. पाच हजारांच्या गावातील 60 चोऱ्या म्हणजे हजारी 12, तर पन्नास हजारांच्या नगरातील 300 चोऱ्या म्हणजे हजारी 6. मोठा आकडा येथे सुरक्षित जागेचा आहे. या प्रमाणातही एक खोच आहे. ज्या भागात मोठी बाजारपेठ किंवा रेल्वे स्थानक असते, तेथे दिवसभर बाहेरचे हजारो लोक येतात आणि त्यांच्या खिशांतून झालेल्या चोऱ्या तिथल्या मोजक्या रहिवाशांच्या संख्येने भागल्या जातात, त्यामुळे तो भाग आहे त्याहून फार वाईट दिसतो. उलट, जेथे लोक तक्रार नोंदवायलाच जात नाहीत, तेथील कोरी पाटी समाधानाची मानता येत नाही.

याहून महत्त्वाचे असे की गुन्हे संपूर्ण नगरात सारखे पसरलेले नसतात. अमेरिकेतील सिएटल शहरात डेव्हिड वाइसबर्ड आणि सहकाऱ्यांनी 1989 ते 2002 या चौदा वर्षांच्या नोंदी रस्त्यांच्या तुकड्यांनुसार तपासल्या, तेव्हा सुमारे निम्मे गुन्हे रस्त्यांच्या केवळ 4 ते 5 टक्के तुकड्यांवर घडत असल्याचे दिसले. एखादे अख्खे उपनगर "वाईट" किंवा "चांगले" ठरवण्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. चौकशी आपल्या गल्लीची, तिला जोडणाऱ्या दोन रस्त्यांची आणि रोजच्या वाटेची करावी. गुन्ह्याचा प्रकारही विचारावा. उभ्या गाडीतून सामान जाणे, बंद घर फोडले जाणे आणि रस्त्यात माणसावर हल्ला होणे या तिन्हींवरचे उपाय निराळे आहेत.

वस्तीच्या रूपावरून माणसांची पारख करणे

रंग उडालेल्या भिंती आणि भिंतींवरची चितारलेली अक्षरे पाहून मन बिचकते, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या बिचकण्यात आपले पूर्वग्रह किती मिसळलेले असतात, हे तपासायला हवे. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी शिकागोतील वस्त्यांवर केलेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की एखादी वस्ती लोकांना किती बेशिस्त वाटते, हे तिथल्या प्रत्यक्ष अव्यवस्थेपेक्षा तेथे कोणत्या वंशाचे आणि किती गरीब लोक राहतात यावर अधिक अवलंबून होते. कपडे, बोली किंवा धर्म पाहून धोका मोजणारा माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो आणि शेजाऱ्यांवर अन्यायही करतो.

मग पाहायचे काय? याच संशोधकांनी फेल्टन अर्ल्स यांच्यासह 1997 मध्ये शिकागोच्या 343 वस्ती-विभागांविषयी मांडलेल्या निष्कर्षानुसार, शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असेल आणि गरज पडल्यास ते मध्ये पडत असतील, तर गरिबीसारखे घटक हिशेबात घेऊनही तेथे हिंसा कमी आढळते. त्यांनी रहिवाशांना विचारलेले प्रश्न आपणही विचारू शकतो. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर बसलेली दिसली, तर शेजारी त्यांना हटकतील का? घरासमोर मारामारी जुंपली, तर कोणी पुढे येईल का? "इथे सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला "हो" एवढेच उत्तर मिळते; असे नेमके प्रश्न विचारले की लोक थांबून, आठवून बोलतात. विचारताना ज्यांचा व्यवहारात फायदा नाही अशांना गाठावे. दलाल आणि विकणारा मालक यांच्याकडून अप्रिय माहिती येण्याची शक्यता कमी. सोडून चाललेला भाडेकरू आणि रोज दारोदार फिरणारा टपालवाला यांना बरेच काही ठाऊक असते.

चोराची काळजी आणि वाहनाकडे दुर्लक्ष

दाराला तीन कड्या लावणारे पालक मुलांच्या शाळेच्या वाटेवरचा चौक पाहतही नाहीत, याची मला खरोखर चिंता वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रस्ते अपघातांत जगभरात दरवर्षी सुमारे 11 लाख 90 हजार माणसे मरतात आणि 5 ते 29 या वयोगटात मृत्यूचे हेच पहिले कारण आहे. गाडीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका, गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटरवरून 65 वर गेला की साडेचार पट होतो. उपनगरांतील रुंद, सरळ आणि मोकळे रस्ते चालकाला नेमका हाच वेग वाढवायला लावतात. म्हणून शाळा भरण्याच्या वेळी त्या वाटेवर उभे राहावे. पदपथ मध्येच संपतो का, ओलांडायच्या जागी गाड्या थांबतात का आणि मूल चालकाला दिसेल असे वळण आहे का, हे डोळ्यांनी पाहावे.

वर्दळीचा परिणाम अपघातापुरता मर्यादित राहत नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील शेजारशेजारच्या रस्त्यांची तुलना केली. दिवसाला सुमारे 2,000 वाहने जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तर 16,000 वाहनांच्या रस्त्यावर ते एकाहूनही कमी होते.

पाणी, आवाज आणि मदतीचे अंतर

"शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" हे शब्द ऐकून निश्चिंत होऊ नये. त्यांचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि तीस वर्षे त्याच घरात राहिल्यास तो पूर एकदा तरी अनुभवण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. मुसळधार पावसानंतर लगेच एक फेरी मारून तळमजल्यांच्या भिंतींवर पाण्याची जुनी रेषा शोधावी.

आवाजासाठी पहाटे आणि मध्यरात्री खिडकी उघडी ठेवून पंधरा मिनिटे शांत बसावे. रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते, हे अलीकडे ती बोलवावी लागलेल्या शेजाऱ्याला विचारावे. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देणे किंवा विजेचा झटका देणे यांसारखे उपचार न मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. कामाच्या जागेचे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता, गर्दीच्या वेळी दारापासून दारापर्यंत प्रत्यक्ष प्रवास करून मोजावे.

इतके करूनही काही खटकत राहिले, तर त्या गोष्टी कागदावर दोन रकान्यांत लिहाव्यात. बंद पडलेला पथदिवा, न उचललेला कचरा, नसलेला गतिरोधक या गोष्टी नगरपालिकेकडे पाठपुरावा करून सुधारता येतात. महामार्गाचा आवाज, सखल जमीन आणि दोन तासांचा प्रवास सुधारता येत नाही. दुसऱ्या रकान्यात एकही नोंद असेल, तर घर विकत घेण्याऐवजी त्याच गल्लीत आधी सहा महिने भाड्याने राहावे आणि त्यांत पावसाळ्याचा काळ येईल असे पाहावे.