जुना सिंगल एज रेझर वापरताय? या चुका टाळा

जुन्या बाजारातून किंवा आजोबांच्या पेटीतून सिंगल एज रेझर, म्हणजे एकाच बाजूला धार असलेलं ब्लेड घेणारा रेझर, निघाला की माणसाला दोन घाया होतात. एक, तो चकचकीत करायची. दुसरी, दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने दाढी करायची. लोक माझ्याकडे 'बघा ना, काय बिघडलंय' म्हणून जे रेझर आणतात, त्यांतल्या बहुतेकांचं या घाईतच वाटोळं झालेलं असतं. यंत्र धडधाकट, हात उतावळा.

इथे मी मुख्यतः जेम मायक्रोमॅटिक आणि एव्हर-रेडी १९१२ या दोघांबद्दल बोलतोय. दोन्ही ब्रुकलिनच्या अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीचे, दोन्ही जाड पाठीचं जेम ब्लेड घेणारे. आणि हो, १९१२ हे पेटंटचं साल आहे. डोक्यावर तो आकडा दिसला म्हणजे तुमचा रेझर त्याच वर्षी बनला असं नाही. हे मॉडेल पुढे बरीच वर्षं निघत होतं. शंभर वर्षांचा म्हणून दुप्पट भाव मागणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

दांडा खाली पाडून धरणे

ही माझी सगळ्यात लाडकी चूक, म्हणजे सगळ्यात जास्त वैताग आणणारी.

आपल्याकडे सगळ्यांचा हात डबल एज रेझरवर किंवा काडतुसाच्या (कार्ट्रिज) रेझरवर बसलेला असतो. त्यात दांडा तिरका खाली झुकलेला असतो. जेमच्या डोक्यात ब्लेड वेगळ्या कोनात बसतं, त्यामुळे तीच सवय इथे चालवली तर धार केसाखाली सरकतच नाही, कातडी खरवडत जाते. मग माणूस म्हणतो कापत नाही, आणि दाबतो. दाबलं की संपलं.

शेजारच्या मुलाने लग्नाच्या हौसेने मायक्रोमॅटिक घेतला. मी सांगितलं होतं की आठ-पंधरा दिवस आधीपासून हात बसव. 'हो काका, व्हिडिओ बघितलेत मी.' बघितले असतील. पहिली दाढी केली ती थेट हळदीच्या दिवशी सकाळी. नऊच्या सुमारास रेझर घेऊन दारात उभा, दोन्ही गाल टोमॅटोसारखे. 'काका, याला धार लावून मिळते का कुठे?' ब्लेड कोरं होतं, पाकिटातून नुकतं काढलेलं. म्हटलं, ब्लेड काढ आणि नुसता धरून दाखव कसा धरलास. दांडा हनुवटीच्या दिशेने पार लोंबलेला, आणि अंगठा मागून असा रुतवलेला की मलाच झोंबलं. तोवर उशीर झाला होता. दुपारी आत्या, माम्या, मावश्या, सगळ्यांनी मिळून त्या सोललेल्या गालांवर मुठी भरभरून हळद लावली. हळदीच्या सगळ्या फोटोंत नवरदेवाचे डोळे मिटलेले आहेत. लोकांना वाटतं लाजतोय.

योग्य रीत सोपी आहे. डोक्याची वरची सपाट बाजू गालावर पूर्ण टेकवा. दांडा चेहऱ्यापासून सरळ बाहेर, जवळजवळ काटकोनात उभा राहील. विचित्र वाटेल, वाटू द्या. आता दांडा हळूच खाली आणा, धार त्वचेला लागल्याचं जाणवलं की थांबा. तिथून पुढे खाली जायचं नाही. दाब शून्य, डोक्याचं वजन पुरतं.

आवाजाकडे लक्ष द्या. जेम ब्लेड सुमारे ०.२३ मिलिमीटर जाड असतं, साधं डबल एज ब्लेड जेमतेम ०.१. जाड पातं थरथरत नाही आणि केस कापताना स्पष्ट खर्र असा आवाज करतं. आवाज स्वच्छ येतोय म्हणजे कोन बरोबर. आवाज बसला आणि ओढल्यासारखं वाटायला लागलं की दांडा वर घ्या. मी नवख्यांना सांगतो की सुरुवात संध्याकाळी करा, कुठे जायचं नसेल तेव्हा, आणि फक्त गालांवर. हनुवटी आणि वरचा ओठ थोडे दिवस जुन्या रेझरवर सोडा. हे ऐकणारा मला क्वचितच भेटतो.

ब्लेडची जुगाडं

जेम ब्लेड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावं लागतं. हे मान्य न करणाऱ्यांच्या दोन जाती आहेत.

पहिली जात डबल एज ब्लेड मधून मोडून अर्धं घालते. सलूनमध्ये वस्तऱ्यात अर्धं ब्लेड घालतात, मग इथे का नाही? कारण तो वस्तरा त्या अर्ध्या पात्याला पकडायलाच बनवलेला असतो. जेमचा रेझर पकडतो तो ब्लेडच्या दुमडलेल्या जाड पाठीला. पाठीला मागून दाब बसतो, ब्लेड पुढे सरकतं आणि दोन्ही कोपऱ्यांवरच्या बारीक अडणींना टेकून थांबतं. अर्ध्या पात्याला पाठच नाही, तर दाबणार कशाला? ते आत मोकळं फिरतं, एका बाजूने जास्त बाहेर येतं, आणि ते तुम्हाला रक्त आल्यावरच कळतं.

दुसरी जात हार्डवेअरच्या दुकानातून रंग आणि काच खरवडायची ब्लेडं आणते. दिसायला भाऊ-भाऊ, मापही जवळपास तेच. पण ती बहुधा साध्या कार्बन स्टीलची, तेल लावलेली, आणि दाढीच्या ब्लेडच्या धारेवर जो टेफ्लॉनचा लेप असतो तो त्यांच्यावर नसतो. वर पाठ थोडी उंच असली तर झाकण नीट मिटत नाही. मग लोक जोर लावून मिटवतात आणि अडणी वाकवतात. खिडकीवरचा रंग काढायला ती उत्तम आहेत.

जुन्या रेझरबरोबर कधी कधी जुन्या ब्लेडचं न फोडलेलं पाकीट मिळतं. ते शोकेसमध्ये ठेवा. तोंडाला लावू नका.

आणि 'सिंगल एज' म्हटलं म्हणजे सगळ्यांना एकच ब्लेड लागतं असं नाही. शिक कंपनीच्या इंजेक्टर रेझरचं ब्लेड वेगळं, व्हॅले ऑटोस्ट्रॉप रेझरचं वेगळं. इंग्लंडच्या रोल्स रेझरचं तर पातं कायमचं असतं. डबीच्याच एका झाकणात धार लावायचा दगड आणि दुसऱ्यात चामड्याचा पट्टा. त्यात रोज लागतो तो पट्टा, दगड क्वचित. रोज दगडावर घासून पातं झिजवणारे महाभाग मी पाहिलेत.

चमकवण्याचा सोस

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जो रेझर आरशासारखा चमकतोय तो मी आधी बाजूला ठेवतो. बफिंगच्या चाकावर धरला की डाग जातो, त्याबरोबर निकेलचा मुलामाही जातो आणि पेटंटची अक्षरंही पुसट होतात. काळपट, मळकट, पण मुलामा शाबूत असलेला रेझर केव्हाही घ्यावा. मळ धुता येतो.

घरी होणारा छळ याहून वाईट. बायकोच्या मावसभावाला सोनेरी मुलाम्याचा मायक्रोमॅटिक मिळाला, छान अवस्थेतला. त्याने तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला, सकाळी पितळेची भांडी घासायच्या पावडरीने घासला आणि 'बघा कसा नवा केला' म्हणून मला दाखवायला आणला. सोनं सगळं मोरीत गेलेलं, हातात उरलं होतं नुसतं पितळ. मी काय बोलणार, त्याच्या ताटात तेव्हा माझ्याच घरची पुरणपोळी होती.

सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, टूथपेस्टनेही उडतो. निकेल त्यापेक्षा टणक, पण जिथे ओरखडा आहे तिथून आम्ल खाली पितळेपर्यंत पोचतं आणि मग खपल्या निघतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांना हेच लागू. उकळत्या पाण्यातही टाकू नका, विशेषतः दांडा प्लास्टिकचा असेल तर.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे: कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, अर्धा तास भिजवणे, परत ब्रश. मळ निघाला नाही तर उद्या पुन्हा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार चिकटलाच असेल तर निकेलवर पातळ केलेलं व्हिनेगर काही मिनिटं, समोर उभं राहून, आणि लगेच भरपूर पाणी. सोनेरीवर तेही नाही. शेवटी स्पिरिटने पुसायचं, कारण तो कोणाच्या गालावरून फिरलाय देव जाणे.

बाकीच्या चुका

मायक्रोमॅटिकच्या बुडाची कळ जड फिरते म्हणून खोबरेल घालतात. थंडीत ते थिजतं आणि कळ आणखी जड होते. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

ब्लेड सरळ बसलंय का ते दाढीआधी उजेडात धरून बघा. दोन्ही टोकांना धार सारखी बाहेर दिसली पाहिजे. एव्हर-रेडी १९१२ रेझरमध्ये ती तिरकी दिसली तर मागच्या स्प्रिंगा थकल्यात. त्या पकडीने वाकवू नका, तुटतात. कोपऱ्याची अडणी तुटलेला रेझर तर विकतच घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

धार टॉवेलने पुसायची नाही. झटका, उघडा, वाळू द्या.

तुरटी फिरवलेल्या ओल्या हाताने रेझर धरलात तर तोही धुवा.

वापरलेलं ब्लेड कचऱ्यात मोकळं टाकू नका. कचरा वेचणाऱ्या बाईचा हात त्यात जातो. रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला एक चीर पाडून त्यात टाकत जा. डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' असं मोठ्या अक्षरांत लिहून वेगळा द्या.