बोलणं पुटपुटतं, गाणं दणाणतं? मधला स्पीकर बघा

५.१ संचात (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, आणि घरोघरी नेमका तोच टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला! कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, तोंड बसणाऱ्याच्या कानांकडे करा. मी पुढून खाली दोन रबरी बुचं सरकवलीत, झकास काम होतं. मग रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या डब्याच्या) सेटिंगमध्ये फक्त सेंटरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. सगळाच आवाज चढवू नका. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. सासूबाई झोपल्यावर मी नाइट मोड लावते: स्फोट दबतात, बोलणं वर येतं. आवाज घुमू नये म्हणून उघड्या फरशीवर सतरंजी अंथरा. आणि हो, सेट-टॉप बॉक्सचं ऑडिओ आउटपुट स्टिरिओवर (फक्त डावा-उजवा आवाज) तर नाही ना? तसं असेल तर मधल्या स्पीकरला स्वतंत्र संवाद मिळतच नाहीत.