लेक इंग्लंडला शिकायला गेली: कौन्सिल टॅक्सची सूट कशी मागायची

पुण्यात मिळकतकराचं बिल घरमालकाच्या नावाने येतं, भाडेकरूला ते सहसा दिसतही नाही. इंग्लंडचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या कौन्सिलचा (स्थानिक पालिकेचा) घरावरचा कर, बहुतेक वेळा घरात राहणाऱ्याकडून घेतात. म्हणून मुलीने भाड्याने घर घेतलं की काही दिवसांत पाकीट तिच्या दारात पडतं आणि कोथरूडला फोन येतो, "आई, भाडं तर दिलंय, मग हे काय?" पूर्णवेळ विद्यार्थ्याला हा कर माफ आहे. पण माफी कौन्सिलकडे मागावी लागते, आणि सगळा घोळ इथेच होतो.

पूर्णवेळ कशाला म्हणायचं, हे कायद्याने ठरवलं आहे: अभ्यासक्रम किमान एक शैक्षणिक वर्षाचा, वर्षातून किमान २४ आठवडे आणि आठवड्याला सरासरी २१ तास. या तासांत घरी केलेला अभ्यासही धरतात. एका वर्षाचं एमएससी यात बसतं, पार्टटाइम बसत नाही.

विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये राहत असेल तर काहीच करावं लागत नाही. बाहेर घर घेतलं आणि सगळेच विद्यार्थी असले तर बिल शून्य होतं, पण त्यासाठी प्रत्येकाचं पूर्णवेळ विद्यार्थी असल्याचं विद्यापीठाचं प्रमाणपत्र लागतं. तिघींनी दिलं आणि चौथी विसरली, की कौन्सिल तिला कमावती समजून बिल पाठवतं. घरात एकच नोकरी करणारा असेल तर कर त्याच्या एकट्यावर येतो, आणि त्यालाही २५ टक्के सवलत मिळते. बिल १६०० पौंडांचं असेल तर १२०० भरायचे, दहा हप्त्यांत दरमहा १२०. दोघे नोकरी करणारे असतील तर सवलत नाही, तरीही विद्यार्थिनीवर कर भरण्याची जबाबदारी येत नाही. "सगळे मिळून वाटून भरू" असं घरातले म्हणत असतील तर हो म्हणण्याआधी हे सांगा.

मावशीकडे राहणार असेल तर नीट लक्ष द्या. मावशी एकटी असेल तर तिला आधीच २५ टक्के सवलत असणार. भाची पूर्णवेळ विद्यार्थिनी असल्याने तिला घरातल्या प्रौढांच्या मोजणीत धरत नाहीत आणि मावशीची सवलत टिकते. मात्र भाची राहायला आल्याचं कौन्सिलला कळवून तिचं प्रमाणपत्र द्यायला हवं. न कळवता राहिली आणि नंतर उघड झालं, तर मावशीला उगाच खुलासे करावे लागतात. शिक्षण संपल्यावर भाची तिथेच राहिली तर ती मोजणीत येते आणि मावशीची सवलत जाते. मावशी आणि काका दोघे असतील तर बिल आधीपासूनच पूर्ण असतं, त्यात फरक पडत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ऑफर लेटर किंवा व्हिसाची कागदपत्रं यासाठी चालत नाहीत. नावनोंदणी पूर्ण झाल्यावर विद्यापीठाच्या स्टुडंट पोर्टलवरून कौन्सिल टॅक्स सर्टिफिकेट काढायचं. त्यावर नाव, अभ्यासक्रम, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, सुरुवातीची आणि शेवटची तारीख हे सगळं आहे ना, ते बघा. मग सरकारी गव्ह डॉट यूके संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून आपलं कौन्सिल शोधा. अंदाजाने जाऊ नका: मँचेस्टर आणि सॅल्फर्ड शेजारी असले तरी कौन्सिलं वेगळी आहेत, आणि लंडनमध्ये तर प्रत्येक बरोचं (शहराच्या प्रशासकीय विभागाचं) वेगळं. तिथला विद्यार्थी सवलतीचा अर्ज ऑनलाइन भरा, प्रमाणपत्र जोडा. पत्ता भाडेकराराप्रमाणे लिहा, फ्लॅट नंबरसकट. पोचपावतीचा ईमेल जपून ठेवा.

हे मुलीनेच करायचं. पुण्यातून आईबाबांनी फोन केला तर कौन्सिल खात्याची माहिती सांगत नाही.

खरे पैसे जातात ते सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेला. भाडेकरार १ जुलैचा आणि अभ्यासक्रम सप्टेंबरच्या अखेरीचा असेल, तर मधल्या काळात ती कायद्याने विद्यार्थिनी नसते आणि त्या दिवसांचं बिल येऊ शकतं. करार शक्यतो अभ्यासक्रमाच्या तारखेजवळ घ्या. शेवटीही तसंच: माफी प्रमाणपत्रावरच्या शेवटच्या तारखेला संपते, पदवीदान समारंभाला नाही. अभ्यासक्रम १२ सप्टेंबरला संपला आणि घर ३० पर्यंत असेल, तर १८ दिवसांचा कर. वर्षाला १६०० धरले तर साधारण ७९ पौंड. ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर तिथे राहण्याच्या व्हिसावर) पुढे राहिली तर ती इतरांसारखीच करदाती असते.

बिल आलं तर पाकीट बाजूला टाकू नका. हप्ता चुकला की रिमाइंडर येतो आणि ७ दिवस मिळतात. तेवढ्यात भरलं नाही तर हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागितली जाते, त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च वेगळा. रिमाइंडर आलेल्या दिवशीच खाते क्रमांक लिहून प्रमाणपत्र ईमेल करा आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबवण्याची लेखी विनंती करा. आधीच पैसे भरले असतील तर मागील तारखेपासून माफी मागून परतावा घेता येतो. कौन्सिलने नकार दिला किंवा दोन महिन्यांत उत्तरच दिलं नाही, तर इंग्लंडमध्ये व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे (अशा करतक्रारींच्या न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं.