आपला उमेदवार सर्वेत मागे दिसतोय? या चुका टाळा

मतदानाला तीन-चार आठवडे असतात आणि टीव्हीवर पट्टी सरकते: अमका पक्ष पुढे, तमका मागे. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या कट्ट्यावर 'यंदा काय खरं नाही' सुरू होतं आणि दुसऱ्या दिवशी प्रचारफेरीला दहाजण कमी येतात. सर्वेतल्या चार टक्क्यांपेक्षा हे दहाजण घरी बसणं उमेदवाराला जास्त महाग पडतं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दर निवडणुकीला त्याच त्या चुका होतात, आणि त्यातल्या बहुतेक आकडा चुकीचा वाचल्यामुळे होतात.

राज्याचा आकडा आपल्या मतदारसंघाला लावणे

ही सगळ्यात मोठी चूक. कर्नाटकात विधानसभेच्या २२४ जागा आहेत. समजा, एखाद्या संस्थेने राज्यभरात २०,००० लोकांना विचारलं. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण एका जागेच्या वाट्याला नव्वदच माणसं आली. नव्वद जणांवरून काढलेला आकडा दहा टक्क्यांनी वर किंवा खाली असू शकतो. एवढ्यावर बेळगाव दक्षिणचा किंवा खानापूरचा निकाल सांगता येत नाही. जागावार अंदाज देणारे बहुतेक वेळा राज्याचा वारा मोजतात आणि मागच्या निकालावर बसवतात. तुमच्या गल्लीत कोणी विचारायला आलेलंच नसतं.

आमच्याकडे याला आणखी एक फाटा आहे. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा, पण लोकसभेला जिल्हा तीन ठिकाणी विभागतो. निपाणी चिक्कोडीत जाते, खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नडमध्ये. त्यामुळे लोकसभेच्या वेळी 'बेळगावात अमका आघाडीवर' ही बातमी वाचून खानापूरच्या माणसाने हातपाय गाळायचं काहीच कारण नाही. ती त्याच्या मतदारसंघाची नाहीच.

मतांची टक्केवारी म्हणजे जागा नव्हेत, हेही ध्यानात ठेवा. २०१८ ला कर्नाटकात काँग्रेसला सुमारे ३८ टक्के मतं मिळाली, भाजपला ३६. तरी २२२ जागांचा निकाल लागला (उरलेल्या दोन जागांचं मतदान पुढे गेलं होतं) तेव्हा भाजप १०४ वर होता आणि काँग्रेस ७८ वर.

सर्वे खास तुमच्याच मतदारसंघाचा असेल तर तीन गोष्टी बघा: किती जणांना विचारलं, कोणत्या तारखांना विचारलं, आणि 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे किती. १,००० जणांच्या सर्वेत प्रत्येक आकड्याला तीन टक्के इकडेतिकडे धरावे लागतात, आणि दोघांमधल्या फरकाला जवळजवळ सहा. म्हणजे ४२ विरुद्ध ३८ ही आघाडी म्हणताच येत नाही. त्यात न ठरवलेले १५ टक्के असतील तर लढत अजून उघडी आहे. शिवाय प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, तेही बघा. अनोळखी माणूस फोनवर कन्नडमधून विचारतो तेव्हा येळ्ळूरची किंवा जांबोटीची मराठी बाई मनातलं बोलेलच असं नाही.

सगळेच सर्वे खोटे म्हणून मोकळं होणे

ही उलटी चूक. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी (मत देऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारून केलेल्या सर्वेंनी) एनडीएला ३५० च्या पुढे नेलं होतं, प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. पण २०२३ ला काही संस्थांनी कर्नाटकात काँग्रेसला स्पष्ट बहुमत दिलं होतं आणि खरंच १३५ जागा आल्या. वेगवेगळ्या तीन संस्था दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दहा-बारा टक्क्यांचा फरक दाखवत असतील तर आपण मागे आहोत, हे मान्य करा. 'आमचीच हवा' म्हणणारे फॉरवर्ड मेसेज त्या दिवसात जास्त घातक ठरतात, कारण त्यांच्या भरवशावर माणसं मतदार यादी उघडत नाहीत.

मत वाया जातंय असं बोलणे

२०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत पहिल्या दोघांत ५,२४० मतांचा फरक होता. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार तिसरा होता आणि त्याला एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. त्या निकालाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो, पण त्या मतांची दखल घेतली गेली नाही असं कोणी म्हणत नाही. आता ५,२४० चं गणित करा. बेळगाव लोकसभेत आठ विधानसभा क्षेत्रं. एका क्षेत्रात सव्वादोनशे बूथ धरले तर बूथमागे फरक पडतो तीन मतांचा. तीन मतं म्हणजे एका घरातली माणसं.

यादी न उघडता नुसती काळजी करणे

मन थाऱ्यावर ठेवायला यादी वाचण्याइतका खात्रीचा उपाय आम्हाला माहीत नाही. आपल्या बूथची मतदार यादी छापून घ्या. साधारण हजार नावं असतात. दोघांनी बसून घरनंबरवार वाचायची: गावात असलेल्यावर बरोबरची खूण, पुण्याला, गोव्याला किंवा कोल्हापूरला कामाला गेलेल्याभोवती पेन्सिलने गोल, मयत असेल तिथे काट. दोन संध्याकाळी काम होतं. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं हमखास माहेरच्या यादीत राहिलेली सापडतात, त्यांच्यासाठी आठ नंबरचा फॉर्म. नव्याने अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी सहा नंबरचा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत भर पडत नाही, म्हणून हे काम आधी. अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा.

गोल केलेल्या प्रत्येकाला आठवडाभर आधी एक फोन आणि आदल्या दिवशी दुसरा. नुसता मेसेज पुरत नाही. ओळखपत्र सोबत आणायला सांगा, कारण मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही. आणि वेळ संपायच्या आत रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आवर्जून सांगा. गर्दी बघून परत फिरणारी तीच असतात.

दिवसभर फोन उघडून बघणे, पैज लावणे, भावाभावांत अबोला धरणे

बातम्या सकाळी पंधरा मिनिटं, रात्री पंधरा मिनिटं. झोपताना नको. पैशाची पैज बेकायदा तर आहेच, पण लावली की माणूस आकड्यालाच चिकटून बसतो. घरात कोणी दुसऱ्या बाजूचा असेल तर जेवताना तो विषय काढू नका.

मोजणीच्या दिवशी पहिल्या फेरीला खचणे

आठ वाजता आधी टपाली मतं, अर्ध्या तासाने मशीन. विधानसभेला साधारण १४ टेबलं मांडतात, म्हणजे एका फेरीत १४ बूथ. अडीचशे बूथ असतील तर १८ फेऱ्या. बूथ क्रमांकाने येतात, म्हणून पहिल्या तीन-चार फेऱ्या मतदारसंघाच्या एकाच कोपऱ्याच्या असतात. बेळगाव दक्षिणमध्ये शहराचे वॉर्ड मोजले जात असताना येळ्ळूरबद्दल काहीच कळत नाही. आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा: कितव्या फेरीत आपली गावं येणार. मतदान संपल्यावर पोलिंग एजंटला मिळालेली १७ सी ची (बूथवरच्या मतांचा हिशेब असलेल्या फॉर्मची) प्रत जपून ठेवली असेल तर कोणत्या बूथवर एकूण किती मतं पडली तेही हाताशी असतं. मग टीव्हीवरच्या 'आघाडी-पिछाडी'पेक्षा तुमचा कागद जास्त सांगतो. आणि काउंटिंग एजंटला सकाळी पोटभर नाश्ता करून पाठवा, शेवटच्या फेरीपर्यंत त्याला टेबल सोडता येत नाही.