रेणूने खरोखर तेच काम केले का? : रासायनिक जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

रासायनिक जीवशास्त्र म्हणजे थोडे रसायनशास्त्र आणि थोडे जीवशास्त्र, अशी समजूत घेऊन दरवर्षी बरेच विद्यार्थी या क्षेत्रात येतात आणि पहिले सहा महिने दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत अडकून पडतात. जीवरसायनशास्त्रात पेशी स्वतः कोणत्या अभिक्रिया करते ते अभ्यासले जाते. रासायनिक जीवशास्त्रात आपण पेशीत मुळात नसलेला एखादा रेणू बनवतो, तो तिच्यात सोडतो आणि त्याच्याकरवी पेशीची तपासणी करतो. मी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी इकडे आले. तेव्हापासूनच्या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे: या क्षेत्रातील कोणताही नवा शोध वाचताना संशोधकांनी रेणू कसा बनवला याच्या आधी, त्याने दावा केलेलेच काम केले हे त्यांनी कसे दाखवले, ते पाहावे. हे पाहण्याची सवय एम.एस्सी.लाच लागली, तर पुढची वाट बरीच सुकर होते.

सुरुवात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांच्या कामापासून करावी, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्या पाहणे फार अवघड असते, कारण त्या जनुकांतून थेट लिहिल्या जात नाहीत. त्यामुळे प्रथिनाला जशी चमकणारी शेपटी जनुकामार्फत जोडता येते तशी शर्करेला जोडता येत नाही. बर्टोझींच्या गटाने २००० साली अझाइड गट (तीन नायट्रोजन अणूंचा गट) बसवलेली शर्करा पेशींना खाऊ घातली, पेशींनी ती आपलीच समजून पृष्ठभागावरील साखळ्यांत गुंफली आणि मग त्या अझाइडला फॉस्फिन (फॉस्फरस अणूचा गट) असलेला रेणू जोडण्यात आला. आपल्या पेशींत अझाइड नसतो, म्हणून बाहेरून आलेला रेणू इतर कशालाही न चिकटता नेमका तिथेच जाऊन बसतो, आणि त्याच्यावर चमकणारी खूण असली की शर्करा दिसू लागते. २००२ साली बॅरी शार्पलेस आणि मोर्टेन मेल्डाल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलेली अझाइड आणि अल्काइन (कार्बनचा तिहेरी बंध असलेला गट) यांची तांब्याच्या उत्प्रेरकाने होणारी अभिक्रिया कितीतरी वेगवान होती. मात्र तांबे जिवंत पेशींना विषारी ठरते. बर्टोझींनी २००४ साली अल्काइनला आठ अणूंच्या कड्यात ताणून बसवले आणि त्या ताणामुळेच अभिक्रिया तांब्याशिवाय होऊ लागली. २००८ मध्ये याच मार्गाने झेब्राफिशच्या वाढत्या भ्रूणातील शर्करा जिवंतपणी पाहता आल्या. २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

हे शोधनिबंध वाचताना सुंदर चमकणाऱ्या पेशींच्या चित्रावर थांबू नये. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एक काळे, रिकामे चित्र असते. त्या पेशींना अझाइड नसलेली साधी शर्करा दिलेली असते आणि बाकी सर्व काही तसेच ठेवलेले असते. सगळ्या दाव्याचा भार त्या काळ्या चित्रावर असतो, कारण तिथेही चमक दिसली असती, तर चमकणारा रेणू वाटेल तिथे चिकटतो आहे असाच अर्थ निघाला असता.

आता ज्या विषयावर आज सर्वाधिक विद्यार्थी काम करू इच्छितात त्या प्रथिन-विघटनाकडे येऊ. नेहमीचे औषध प्रथिनाच्या एखाद्या खोबणीत बसून त्याचे काम अडवते. परंतु पेशीत अशी असंख्य प्रथिने आहेत ज्यांना अडवण्याजोगी खोबणच नसते किंवा एक काम अडवले तरी त्यांची इतर कामे चालूच राहतात. २००१ साली येल विद्यापीठाचे क्रेग क्रूज आणि कॅलटेकचे रेमंड डेशेस यांनी वेगळी युक्ती मांडली. दोन टोकांचा एक रेणू बनवायचा, त्याचे एक टोक नकोशा प्रथिनाला धरेल आणि दुसरे टोक पेशीतील युबिक्विटिन लायगेज या विकराला (एन्झाइमला) धरेल. दोघे जवळ आले की विकर त्या प्रथिनावर युबिक्विटिन या लहान प्रथिनाची खूण लावते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणारे यंत्र, त्याचे तुकडे करून टाकतो. या रेणूंना प्रोटॅक म्हणतात. पहिला प्रोटॅक पेप्टाइडचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा) आणि बोजड होता. लहान, पेशीत सहज शिरणारे प्रभावी रेणू मिळेपर्यंत दशकभराहून अधिक काळ गेला आणि २०१९ मध्ये अशा रेणूची माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली.

या कल्पनेचा कस कसा लावतात हे शिकण्यासाठी एमझेड-१ या रेणूइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात अलेसिओ चिउली यांच्या गटाने तो २०१५ साली प्रसिद्ध केला. त्याच्या एका टोकाला जेक्यू-१ हा रेणू आहे, जो बीआरडी-२, बीआरडी-३ आणि बीआरडी-४ या तिन्ही भावंड-प्रथिनांना धरतो, आणि दुसऱ्या टोकाला व्हीएचएल या लायगेजला धरणारा भाग आहे. समजा, तुम्ही पेशींना हा रेणू वाढत्या मात्रेत दिला, काही तासांनी पेशी फोडून प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी केली आणि बीआरडी-४ साठी वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडाने ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला. पहिल्या लेनमध्ये (जेलवरील रांगेत) फक्त डीएमएसओ, म्हणजे रेणू ज्यात विरघळवतात ते द्रावक, आहे, तिथे पट्टी ठळक आहे. दहा नॅनोमोलरला (हे संहतीचे एकक; हजार नॅनोमोलर म्हणजे एक मायक्रोमोलर) ती फिकट होऊ लागते, शंभर नॅनोमोलर ते एक मायक्रोमोलरच्या दरम्यान जवळजवळ नाहीशी होते आणि मात्रा त्याच्याही बरीच पुढे नेली तर पुन्हा उमटू लागते. नवा विद्यार्थी ही शेवटची लेन पाहून सॅम्पलमध्ये गोंधळ झाला असे समजतो. प्रत्यक्षात तो या यंत्रणेचा स्वभावच आहे: मध्यस्थ फार झाले की एक वधूपक्षाकडे बसतो, दुसरा वरपक्षाकडे, आणि दोन्ही पक्ष समोरासमोर येतच नाहीत. या परिणामाला हुक इफेक्ट म्हणतात. तो दिसला तर रेणू दोघांना एकत्र आणूनच काम करत असावा, या शक्यतेला बळ मिळते.

तरीही एवढ्यावर दावा उभा राहत नाही. पट्टी नाहीशी होण्याची आणखी कारणे असू शकतात. पेशी मरू लागल्या असतील, जनुकाचे वाचन थांबले असेल किंवा त्या लेनमध्ये प्रथिनच कमी पडले असेल. म्हणून त्याच ब्लॉटवर ट्युब्युलिन किंवा ॲक्टिन यांसारख्या स्थिर प्रथिनाची पट्टी दाखवावी लागते, पेशी वाढवण्याच्या ताटलीतील सर्व विहिरींत (खळग्यांत) डीएमएसओचे प्रमाण सारखे ठेवावे लागते आणि मोजमाप सुरुवातीच्या काही तासांतच करावे लागते. मग प्रोटिअसोम रोखणारे औषध सोबत देऊन पट्टी परत येते का हे पाहावे लागते, आणि व्हीएचएलला धरणारा सुटा भाग भरपूर देऊन लायगेजची जागा अडवल्यावर विघटन थांबते का हेही. सर्वांत मोलाची कसोटी मात्र सिस-एमझेड-१ ही. या रेणूतील अणू तेच, वजन तेच, फक्त व्हीएचएलला धरणाऱ्या भागातील एका कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची दिशा उलटी. तो बीआरडी-४ ला पूर्वीसारखाच धरतो, पण व्हीएचएलला धरू शकत नाही आणि म्हणून विघटन होत नाही. त्रिमितीय रसायनशास्त्राचा हा उपयोग पाहिल्यावर एम.एस्सी.ला शिकलेले आर आणि एस (कार्बनवरील गटांची दिशा सांगणारी अक्षरे) किती कामाचे होते ते कळते. रसायनशास्त्रातून येणाऱ्यांचे खरे बळ इथेच आहे: असा निष्क्रिय जुळा रेणू विचारपूर्वक आखणे आणि स्वतः बनवणे.

याच कामातून एक अनपेक्षित गोष्टही निघाली. जेक्यू-१ तिन्ही भावंडांना जवळपास सारखेच धरतो, पण एमझेड-१ मुख्यतः बीआरडी-४ लाच नष्ट करतो. २०१७ साली बीआरडी-४, एमझेड-१ आणि व्हीएचएल या तिघांच्या एकत्रित संकुलाची स्फटिकरचना मिळाली, तेव्हा बीआरडी-४ आणि व्हीएचएल एकमेकांनाही स्पर्श करतात हे दिसले आणि निवडकपणाचे कारण उलगडले. दोन टोके जोडणारी साखळी म्हणजे निव्वळ दोरी, असे समजून चालणार नाही.

थॅलिडोमाइडची कथा या ओघात वाचलीच पाहिजे. गर्भवतींना दिल्या गेलेल्या या औषधाने १९६० च्या सुमारास हजारो बालकांना जन्मजात व्यंगे आली. ते पेशीत नेमके कोणाला धरते हे कळायला २०१० साल उजाडले, जेव्हा जपानमध्ये हिरोशी हांडा यांच्या गटाने सेरेब्लॉन हे एका युबिक्विटिन लायगेजचा भाग असलेले प्रथिन ओळखले. त्याच कुळातील लेनालिडोमाइड हे मायलोमा या कर्करोगावर तोवर वापरात आले होते, आणि ते सेरेब्लॉनच्या मदतीने दोन विशिष्ट प्रथिने नष्ट करवते हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. औषध आधी आणि कारण नंतर, असा हा क्रम आहे. तो उलटवण्यासाठीच आपले क्षेत्र आहे, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्याकडच्या एका सवयीबद्दल. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत एम.एस्सी.चा प्रकल्प हळदीतील कर्क्युमिनवर असतो. विषय घरचा वाटतो, पदार्थ स्वस्तात मिळतो आणि कुठल्याही प्रथिनावर, कुठल्याही चाचणीत काहीतरी परिणाम दिसतोच. हा शेवटचा मुद्दाच काळजीचा आहे. कर्क्युमिन स्वतः चमकतो, त्यामुळे प्रकाशावर आधारलेल्या चाचण्या फसतात. तो धातूंना धरतो, प्रथिनांशी अनिर्बंध बंध करू शकतो आणि पेशीसंवर्धनाच्या सीरमविरहित (रक्तजल न घातलेल्या) द्रावणात सदतीस अंशांना अर्ध्या तासात त्याचा बहुतांश भाग विघटित होतो. २०१७ साली औषधरसायनशास्त्रातील एका सविस्तर आढाव्याने हे सर्व पुराव्यांसह मांडले आहे. हळदीचा अनादर करण्याचा यात प्रश्न नाही. असा प्रकल्प वाट्याला आला, तर किमान द्रावणातील रेणू तासाभराने शिल्लक आहे का हे एचपीएलसीवर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावे आणि प्रथिन न घालता चाचणी लावून पाहावी. या दोन प्रयोगांनी तुम्ही इतरांच्या बरेच पुढे जाल.

संगणकीय भाकितांबद्दल थोडक्यात सांगते. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनांच्या रचना हाताशी आणून दिल्या, २०२४ च्या नोबेलचा अर्धा भाग त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला, आणि त्याच वर्षी आलेली तिसरी आवृत्ती प्रथिनासोबत लहान रेणूचीही जागा सुचवते. याचा भरपूर उपयोग करावा, पण केवळ डॉकिंगच्या (रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकीय अंदाजाच्या) आकड्यावर प्रकल्प संपवू नये. केआरएएस हे कर्करोगातील प्रथिन तीसएक वर्षे औषधांना दाद देत नव्हते. केवन शोकाट यांच्या गटाने २०१३ मध्ये त्याच्या उत्परिवर्तित रूपातील सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचा बंध करणारे रेणू शोधले, तेव्हा पूर्वीच्या रचनांमध्ये न दिसलेली खोबण उघडलेली आढळली. त्या दिशेने गेलेल्या कामातून २०२१ मध्ये सोटोरासिब हे औषध अमेरिकेत मंजूर झाले.

प्रवेशाच्या वाटांबाबत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा असतो. सीएसआयआर-नेटमध्ये रासायनिक जीवशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. रासायनिक विज्ञान किंवा जीवविज्ञान यांतून एक निवडावी लागते. पदवी ज्या विषयात आहे तोच निवडावा, दुसरा विषय प्रयोगशाळेत शिकता येतो. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये आणि वरिष्ठ ४२ हजार रुपये आहे, घरभाडे वेगळे. पुण्यात पाषाण भागात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या दोन्ही संस्था एकमेकींजवळ आहेत, मुंबईत पवईला आयआयटी आणि कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे; कोलकात्याच्या सीएसआयआर संस्थेच्या तर नावातच रासायनिक जीवशास्त्र आहे.

संस्थेच्या नावापेक्षा गटाची निवड अधिक जपून करावी. मुलाखतीला गेल्यावर तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांशी बोलावे आणि काही साध्या गोष्टी विचारून घ्याव्यात. बनवलेला रेणू पेशींवर कोण तपासते, तुम्ही स्वतः की दुसऱ्या शहरातील सहयोगी? फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा खेचून घेणारे कपाट) आणि पेशीसंवर्धनाची खोली एकाच इमारतीत आहे का? प्रथिनांसाठीच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर वेळ किती आठवड्यांनी मिळतो? रेणू पाठवून निकालाची वाट पाहत बसावे लागणाऱ्या गटात तुम्ही उत्तम संश्लेषण शिकाल, मात्र फसवा निकाल ओळखण्याची नजर तिथे तयार होणे कठीण. अर्ज करताना मार्गदर्शकांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातील एखादी आकृती निवडून, तिच्यात आणखी कोणता कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) असता तर दावा अधिक भक्कम झाला असता, हे चार वाक्यांत लिहावे. माझ्याकडे आलेल्या अर्जांपैकी असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी गुणपत्रिका पाहण्याआधीच बोलावले आहे.