जुन्या टीव्ही गेमचा आवाज दुरुस्त करताय? या चुका टाळा

जुनं मशीन हाती आलं आणि आवाज वेगळा वाटला, की अनेकजण लगेच सोल्डरिंग आयर्न तापवायला ठेवतात. कळकळीने सांगतो, आधी तो आवाज मुळात कसा होता ते शोधा. कित्येक ‘बिघाड’ त्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून असतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो आपल्याकडच्या क्लोनबाबत. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले टीव्ही गेम म्हणजे बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ फॅमिकॉममध्ये रिको कंपनीची २ए०३ चिप होती, प्रोसेसर आणि आवाज दोन्ही तिच्यातच. तिचे पाच चॅनल, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे पाच स्वतंत्र आवाज: दोन पल्स (चौकोनी लहरीचे), एक त्रिकोणी लहरीचा, एक नॉइजचा आणि एक सॅम्पलचा. अनेक क्लोनमध्ये तिच्या जागी यूएमसी कंपनीची यूए६५२७पी चिप बसवलेली असते आणि तिच्यात पल्सच्या २५ टक्के व ५० टक्के रुंदीची अदलाबदल झालेली आहे. त्यामुळे चाल तीच राहते, पण वाद्य बदलल्यासारखं वाटतं. अशा वेळी कॅपेसिटर बदलण्यात पैसे घालवू नका. चिपच तशी आहे.

दुसरी तक्रार नेमकी उलटी असते: ‘लहानपणी ऐकलेली मारिओची धून इम्युलेटरवर घाईत वाजते.’ इथे इम्युलेटर (संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) बरोबर आहे. त्या गेमचं संगीत चित्राच्या प्रत्येक फ्रेमला एक पाऊल पुढे सरकतं आणि ते सेकंदाला ६० फ्रेम धरून लिहिलेलं होतं. आपले पाल टीव्ही (पाल ही आपल्याकडची टीव्ही प्रसारणाची पद्धत) ५० फ्रेमचे, म्हणून पाल क्लोनवर लय एक षष्ठांशाने मंदावली. सूर मात्र प्रोसेसरच्या वेगावर ठरतो. या क्लोनचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ, मूळ जपानी मशीनचा १.७९, म्हणून सूर जवळजवळ जागेवरच राहिला. तोच आवाज हवा असेल तर मेसेनसारख्या इम्युलेटरमध्ये रीजन ‘डेंडी’ (अशा पाल क्लोनसाठीचा पर्याय) निवडा. लोक ‘पाल’ निवडतात आणि फसतात, कारण निन्टेंडोच्या अधिकृत पाल मशीनचा वेग १.६६ मेगाहर्ट्झ होता. तिथे जपानी-अमेरिकी गेमचे सूर अर्ध्या स्वराहून थोडे जास्तच खाली उतरतात.

जपानी कॅसेट अॅडॅप्टरने अमेरिकन एनईएसवर (फॅमिकॉमच्या परदेशी आवृत्तीवर) लावली आणि संगीतातले काही सूर गायब झाले, तर कॅसेटला दोष देऊ नका. फॅमिकॉम आपला आवाज कॅसेटमधून फिरवून आणत असे, म्हणून गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीला १९८९ च्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’मध्ये व्हीआरसी६ चिप घालून आणखी तीन चॅनल देता आले. एनईएसच्या कॅसेट स्लॉटमधून ही वाट काढून टाकली गेली. त्यामुळे अमेरिकेत हाच गेम ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून आला तेव्हा संगीत पाच चॅनलमध्ये नव्याने बसवावं लागलं. दोन्ही ऐकून बघा, या एका निर्णयाने काय गमावलं ते लगेच कळतं.

सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मागच्या सॉकेटमधून मोनोच आवाज मिळतो, स्टिरिओ फक्त पुढच्या हेडफोन जॅकमधून. केबल बदलत बसू नका. त्यातली बारीक आवाजातल्या सुरांमधली खरखर यामाहाच्या वायएम२६१२ चिपच्या डीएसीची (डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाची) आहे, नंतरच्या चिपमध्ये ती गेली.

आता खरा बिघाड. सेगा गेम गिअरचा आवाज अगदी क्षीण झाला असेल, तर बहुधा पृष्ठभागावर बसवलेले इलेक्ट्रोलायटिक कॅपेसिटर गळलेले असतात. नुसता स्पीकर बदलून काही होत नाही. सगळे कॅपेसिटर काढा, पण ओढून काढू नका, नाहीतर बोर्डावरचे पॅड उखडतात. गळलेला द्रव आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि मगच नवे कॅपेसिटर धन-ऋण टोकं तपासून लावा.

आणि जपानहून आणलेल्या फॅमिकॉमचा मूळ अॅडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो जळतो. एनईएसचा अॅडॅप्टरही त्याला लावू नका, कारण तो एसी देतो. फॅमिकॉमला सुमारे १० व्होल्ट डीसी लागतं आणि त्याच्या प्लगचं मधलं टोक ऋण असतं. मल्टिमीटरने ते तपासल्याशिवाय बटण दाबू नका.