पहिलं घर घेताना या चुका टाळा: हप्ता झेपतो, पण किती वर्षं?

पहिल्या घराचं गणित बहुतेकांच्या घरी एकाच प्रश्नापाशी थांबतं: महिन्याचा हप्ता झेपेल ना? माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी कर्ज घेतलं, तर फिटेपर्यंत मुद्दलाच्या जवळजवळ 2.16 पट पैसे जातात. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत 30 वर्षं केली, तर तो जेमतेम साडेदहा टक्क्यांनी उतरतो आणि एकूण फेड 2.9 पटीवर जाते.

व्याजदर बदलता असेल, तर आणखी जपा. सुरुवातीलाच 9 चे 10 टक्के झाले आणि हप्ता तोच राहिला, तर 240 हप्त्यांचे सुमारे 314 होतात. खात्यातून तेवढीच रक्कम जात राहते, त्यामुळे सहा वर्षं वाढल्याचं लक्षातही येत नाही. दर बदलला की उरलेले हप्ते किती, हे लेखी मागून घ्या.

लांब मुदतीचं कर्ज आधीच घेतलं असेल, तरी हातात उपाय आहे. वरच्याच 20 वर्षांच्या कर्जात पहिल्या वर्षापासून दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर ते साधारण साडेतीन वर्षं आधी फिटतं. हे जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं, कारण पहिल्या हप्त्यातला 83 टक्के भाग नुसतं व्याज असतो. मुदतीआधी भरण्यावर दंड आहे का, तेवढं करारात बघून घ्या.

सगळी शिल्लक घराच्या किमतीतच ओतू नका. नोंदणी, वकील, डागडुजी हे खर्च त्यानंतर उभे राहतात, आणि नोकरीत खंड पडला तर काही महिन्यांचे हप्ते बाजूला असलेले बरे.

घर एकदाच, तेही भर दुपारी पाहून होकार देऊ नका. रात्री जा, पावसात जा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर कारण विचारा. न्हाणीघराखालचं छत, खिडकीखालचा कोपरा, कपाटामागची भिंत इथे ओल हमखास सापडते. गिलाव्यातल्या केसाएवढ्या बारीक भेगांनी घाबरायचं कारण नाही. पण दाराच्या कोपऱ्यातून तिरकी, रुंदावत गेलेली भेग असेल आणि दारही अडकत असेल, तर पाया खचल्याची शंका घ्या आणि अभियंत्याला दाखवा.

‘बँकेने कागद तपासलेत’ एवढ्यावर कधीच विसंबू नका. ती तपासणी बँक स्वतःच्या पैशासाठी करते. विक्रेत्याशी संबंध नसलेला, तुमचा स्वतःचा वकील मालकीची साखळी आणि घरावरचा बोजा तपासू दे. आणि इसार देण्याची घाई नको! कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकीत दोष निघाला, तर रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे आधी कागदावर सहीनिशी घ्या. विक्रेता ते लिहून द्यायला तयार नसेल, तर घर कितीही आवडलेलं असो, इसार देऊ नका.